निळ्या ठिगळातला कागद

वस्तू आपापसांत बोलायच्या तेव्हाची गोष्ट. सगुणाकाकू पुतणीच्या बाळासाठी गोधडी शिवत होत्या. प्रत्येक ठिगळ सहाकोनी कागदावर दुमडून कच्च्या दोऱ्याने धरलेलं. सुई काठाला काठ लावून कापडाचे दोनच धागे उचलायची, कागदाला टोचायची नाही. शेवटी कागद काढायचेच असत.

निळ्या ठिगळातल्या कागदाला ते सोसेना. "सुईबाई, आकार मी दिला आणि बाहेरही मीच? एका टाक्यात मलाही घ्या ना!"

सुईला दया आली. तिने एक टाका खोल घातला.

बाकीचे कागद निघाले. निळ्यातला काही सुटेना. "राहू दे," म्हणत काकूंनी अस्तर लावण्याआधी गोधडी बाळावर पांघरून पाहिली. गोधडी ढगासारखी मऊ होती. बाळ स्वप्नात हसलं, कुशीवर वळलं आणि कागद कुरकुरला. बाळ दचकून रडू लागलं. पुन्हा झोपलं, पुन्हा दचकलं.

"सुईबाई," कागद हळूच म्हणाला, "उसवा मला."

काकूंनी गोधडी मांडीवर घेतली आणि त्यांच्या हातातल्या सुईने तो टाका अलगद उसवला. कागद चटईवर पडला, गोधडी पुन्हा बाळावर गेली आणि तो वर बघत राहिला. निळ्या ठिगळाचे सहाही कोन त्याने धरले होते तसेच होते, आणि त्यातल्याच एका कोनावर झोपलेल्या बाळाची मूठ मिटली होती.