राणीच्या खुराड्याची तिसरी पहाट

एका राज्यात, जिथे पौषात तळ्याची काच होई आणि बदके तिच्यावरून चालत घरी जात, हिमकर्ण नावाच्या मांत्रिकाने राणी चंद्रावळीला पांढरी कोंबडी केले. शाप त्याने मोजक्या शब्दांत सांगितला. "परसातल्या खुराड्यात, विस्तवावाचून, कडाक्याच्या तीन पहाटा काढ. तगलीस तर पुन्हा माणूस. गारठलीस तर मेलीस."

राजाने खुराडे राखणाऱ्या भिवराईला बोलावले. "राणीचा जीव तुझ्या हाती."

"जी महाराज. फक्त वैद्यांना परसात पाठवू नका. कोंबड्या बुजतात."

पहिल्या पहाटे थंडी येणार होती ती जमिनीतून, ओल होऊन. भिवराईने आदल्या दिवशीच राख पसरली, वर वीतभर भाताचे तूस घातले. कोंबड्यांनी त्यात पाय खुपसले. पहाट सरली.

दुसऱ्या पहाटे थंडी वारा होऊन आली. पण भिवराईने शेणमातीने फट न् फट लिंपली होती. छपराखालचा झरोकाही बुजवला होता. वारा भिंतीवर डोके आपटून गेला.

दुपारी हिमकर्ण कुंपणापाशी आला. "वा, भिवराई! मुंगी शिरायलाही जागा नाही. अस्संच राहू दे हो."

भिवराई चपापली. वैऱ्याने शाबासकी दिली, की केलेले काम पुन्हा तपासावे. तिने खुराड्याचे दार उघडून कोंबड्याला विचारले, "काय रे, आत कसं आहे?"

"धोब्याचा घाट झालाय, बाई!" कोंबडा फणकारला. "पंधराजणींचा श्वास भिंतीवरून गळतोय. तुझ्या राणीसाहेबांचा तुरा बघ."

तुऱ्याचे टोक गारठ्याने काळवंडले होते. भिवराईने भिंतीला हात लावला; तळवा ओला झाला. तिसरी थंडी बाहेरून येणारच नव्हती. ती आतल्या दमटपणात, ओल्या पिसांवर बसून होती.

बुजवलेला झरोका फोडायला भिवराईने कोयता उचलला, तसा राजा आडवा आला. "वारा आत सोडतेस? वेड लागलं का?"

"तीस वर्षं खुराडं राखलं, महाराज, आणि चूक माझीच झाली. झरोका कोंबड्या बसतात त्या दांडीच्या वर आहे. वारा त्यांच्या डोक्यावरून जाईल, अंगावरून नाही. ओल तेवढी घेऊन जाईल."

राजाने स्वतः शिडी धरली. झरोका मोकळा झाला. भिवराईने भिजलेले तूस काढून कोरडे भरले.

तिसऱ्या पहाटे मोरांच्या हाका हवेतच गोठल्या आणि अंगणात खळखळ पडल्या. मग कोंबडा आरवला. भिवराईने दार उघडले.

दांडीवर राणी बसली होती. गुडघे पोटाशी, केसांत तूस, अंग कोरडे ठणठणीत.

"बाईसाहेब," मागून कोंबडा म्हणाला, "जरा सरका. बाकीच्यांना खाली उतरायचंय."

राणी मुकाट्याने सरकली. शाप मोडला, तसे कुंपणापाशी उभ्या हिमकर्णाचे पाणी झाले आणि मातीत मुरले. राणी माणसांत गेली, कोंबड्या दाण्याला लागल्या, आणि त्या राज्यात तीन दिवस खोळंबलेली कामे पुन्हा वेळच्या वेळी होऊ लागली.