पुजलेली वल्ही

एका रुंद नदीच्या काठी एक नावाडी राहत असे. त्याला दोन मुलगे. नदीवर पूल नव्हता, म्हणून त्यांचं घर चालत होतं.

आणि नेमका थोरल्याला पुलाचाच नाद लागला. बांबूच्या कामट्या तासायच्या, सुतळीने बांधायच्या, वर दगड ठेवून किती भार सोसतो ते बघायचं. नदीपलीकडच्या डोंगरात एक गुरुजी पूल बांधायची विद्या शिकवत. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, सूर्य मावळायच्या आत जो दारात पोचेल त्यालाच ते घेत.

"मला तिथे जायचंय, बाबा," थोरला म्हणाला.

"नावाड्याचा पोरगा आणि पूल बांधणार!" बाप रागानेच हसला. "मग नाव काय चुलीत घालू? आपल्याच पोटावर पाय द्यायची विद्या शिकणार होय रे तू?"

आई म्हणाली, "वैदाकडे जा, सोनाराकडे जा. जगात हेच सापडलं का तुला?"

मोठं झाल्यावर दोघा भावांनी मिळून नाव चालवायची असं ठरलं होतं. दादाने ते मोडलं, एवढंच धाकट्याला कळलं.

दसरा उजाडला. अंगणात वल्ही पुजून ठेवली होती, वर झेंडूची माळ. बाप पाठ फिरवून बसला होता. थोरला गाठोडं घेऊन बाहेर आला.

"चल रे, पलीकडे सोड मला."

"आज वल्ही पुजलीत. उचलायची नसतात," धाकटा म्हणाला.

"गेल्या दसऱ्याला त्या अडलेल्या बाईसाठी तूच उचलली होतीस की."

धाकटा भडकला. "मग बांध ना तुझा पूल, आणि जा त्याच्यावरून!"

"बरं. येतो," थोरला म्हणाला. गाठोडं डोक्याला बांधून पाण्यात शिरला.

पोहणारा चांगला होता. धाकट्याला वाटलं, कमरेएवढ्या पाण्यातून परत फिरेल. मग वाटलं, मधून फिरेल. मग डोकं दिसेना. तेव्हा त्याने माळ तोडून वल्ही उचलली. नाव मधोमध नेली, घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. पाणी तेवढं वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी थोरला सापडला. तिसऱ्या दिवशी, खालच्या अंगाला लव्हाळ्यात अडकलेलं गाठोडं. त्यात एक सदरा होता आणि कामट्यांचा हातभर पूल. मधली कमान एवढी उंच कशाला, ते बापाला कळेना. मग आईने सदऱ्याच्या घडीतून एक बोटाएवढी लाकडी नाव काढली. शीड उभारलेली. धाकट्याने ती कमानीखालून ढकलली. नाव सरळ पलीकडे गेली. कुठे अडली नाही.

"आपल्या नावेला वाट ठेवली होती त्याने. पूल झाला तरी शीड लावून नदीने गावोगाव माल नेता आला असता," बाप म्हणाला. "मग सांगितलं का नाही?"

"आपण विचारलं कुठे?" आई म्हणाली.

त्या नदीवर अजून पूल नाही. दसऱ्याला त्या घरी वल्ही पुजत नाहीत. धाकटा पहाटेपासून नाव लावून बसतो. कुणी शिकायला निघालं की त्याला नावेत घेतो आणि विचारतो, "काय शिकणार?" मग पलीकडचा काठ येईपर्यंत मध्ये एक शब्द बोलत नाही. नुसतं ऐकतो.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाची वाट आपल्याला पटली नाही, तरी आधी त्याला विचारावं, आणि निघालाच तर पलीकडे सोडावं. रागाचा शब्द माणूस समोर आहे तोवरच मागे घेता येतो.