मागच्या हेल्मेटचा माईक

कोल्हापूरच्या बुलेट मंडळाचे अध्यक्ष रणधीर जगदाळे यांनी हेल्मेटमधील संवादयंत्रे निवडताना ठाम निर्णय दिला. चालकाच्या हेल्मेटला माईक असेल. मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटला केवळ स्पीकर.

"मागचा माणूस बोलायला लागला, की चालकाचं लक्ष उडतं," ते म्हणाले.

मंडळातील एका सदस्याची बायको ऊर्मिला नेहमी मागे बसायची. मागच्या सहलीत आंबा घाटातील धुक्यात मागून अंगावर येणारा ट्रक तिला दिसला होता. ती ओरडत राहिली. पुढे बसलेल्या नवऱ्याला काहीच ऐकू गेले नाही. उद्या पुन्हा तोच घाट होता.

"साहेब, आधी चाचणी घेऊ. गाडी मी चालवते, तुम्ही मागे बसा."

दुकानदाराने नमुन्याला दिलेली तशीच हेल्मेटं दोघांनी घातली. मैदानात तिने जुनी बुलेट काढली, ती साईड स्टँड मुद्दाम खाली ठेवूनच. डावीकडे वळताना तो जमिनीला अडकून गाडी उलटली असती. म्हणून ती फक्त उजवीकडेच वळणार होती.

जगदाळ्यांना खाली लोंबणारा स्टँड दिसला. "वहिनी, स्टँड! अहो, स्टँड!" बुलेटच्या धडधडाटात त्यांचा आवाज विरून गेला. त्यांनी तिच्या खांद्यावर थापा मारल्या. तिने मान वळवली नाही.

गाडी थांबली तेव्हा ते घामाने निथळत होते. "केव्हाचा ओरडतोय मी. जीव गेला असता. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

ऊर्मिलाने हेल्मेट काढले. "कसं येणार, साहेब? माझं लक्ष उडू नये म्हणून तुम्हीच तर सोय केलीत."

जगदाळ्यांनी दुकानदाराला फोन लावला. "माईक दोन्हीकडे हवेत," ते म्हणाले. "मागचा आधी तपासून द्या."