बिनशिंगाचा भुंगेरा

माणसं दारांना कड्या लावायला शिकण्याआधीची गोष्ट. एका वारुळात अंडी खाणारे भुंगेरे शिरत. मुंग्यांनी एकदा त्यातला एक मारला आणि त्याचं रिकामं कवच दाराशी ठेवलं. पहाऱ्यावर येणारी प्रत्येक मुंगी आधी ते मिशांनी चाचपून शिकायची: पाठीवर शिंग असेल तो चोर. त्यामुळे कितीतरी चोर दारातच पकडले गेले.

मग त्याच कुळातला एक भुंगेरा आला. बाकी सगळा तसाच, फक्त त्याला शिंग उगवलंच नव्हतं. पहारेकरीण तांबडीने त्याची पाठ चाचपली आणि वाट सोडली.

अंडी सांभाळणारी पिवळी धावत आली. "तांबडीताई, याच्या तोंडाला अंड्यांचा वास येतोय."

"शिंग कुठंय त्याला? तू पाळणे हलव बाई, पहारा मला शिकवू नकोस." बाकीच्या हसल्या.

संध्याकाळी भुंगेरा मारला गेला, पण तोवर पिवळीची अंड्यांची कोठी रिकामी झाली होती.

"ते जुनं कवच फेका. त्यानेच घात केला," कुणीतरी म्हणालं.

तांबडीच्या मिशा जमिनीला टेकल्या होत्या. "कवच खोटं नव्हतं. त्यापलीकडे शिकायचं काही नाही, हे मी ठरवलं."

तिने बिनशिंगाचं नवं कवच ओढत आणून जुन्याशेजारी ठेवलं. मग ती रिकाम्या कोठीपाशी गेली. "पिवळे, उद्यापासून माझ्याशेजारी उभी राहशील? वास तुला कळतो."

सकाळी पिवळी दारात उभी होती. तांबडीकडे मात्र तिने पाहिलं नाही.