नकाशात नसलेलं पाणी

शहराचा कचरा कुठे टाकायचा, याचा नकाशा मीच केला होता. उपग्रहाच्या ऐन मे महिन्यातल्या फोटोवरून. ग्रामसभेला आम्ही घामाघूम होऊन पोचलो. रिवाजाप्रमाणे सरपंच भागूबाई ढवळे यांनी आधी गूळपाणी दिलं. उपायुक्त साहेब दोन तांबे पाणी प्यायले आणि पडद्यावर बोट ठेवून गरजले, “या माळावर पाण्याचा थेंब नाही. नकाशा खोटं बोलत नाही!”

भागूबाई म्हणाल्या, “आत्ता प्यालात ते त्याच माळावरच्या झऱ्याचं, साहेब. नकाशा खरा असेल, तर तुमची तहान अजून भागलेली नाही.”

सभा हसली. माळ वाचला.

कचरा नकाशातल्या दुसऱ्या जागेवर, शेजारच्या गावात गेला. तिथे आम्ही घाईत होतो. गूळपाण्याला थांबलोच नाही.