पीडेचा गाडा आणि वाकड्या शिंगाचा बैल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या डोंगराची आहे त्याला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. त्या डोंगराच्या पायथ्याशी गोल कडं करून गावं वसली होती. एका गावाची वेस संपली की दुसऱ्याची सुरू व्हायची. कुणी चालतच राहिलं असतं, तर फिरून आपल्याच गावात येऊन पोचलं असतं. पण इतकं चालतं कोण? जो तो शेजारचं गाव ओळखत होता. त्यापुढचं कुणाला ठाऊक नव्हतं.

या गावांची एक रीत होती. गावात साथ आली की लाकडाचा एक गाडा करायचा. ज्या घरात कुणी आजारी असेल, त्या घरानं आजाऱ्याची एक वस्तू त्यात ठेवायची. मग साऱ्या गावानं एकच लांब दोर धरून तो गाडा उगवतीच्या वेशीपर्यंत ओढायचा, पलीकडे ढकलायचा, आणि मागे न बघता घरी यायचं. गाडा गेला म्हणजे पीडा गेली. पुढच्या गावाचं पुढचं गाव बघून घेईल.

आणि जो सगळ्यांत आधी आजारी पडला, त्याला मावळतीच्या वेशीवरच्या झोपडीत नेऊन ठेवायचं. तिथं कुणी जायचं नाही.

अशा एका गावात दोन भाऊ राहत होते. आईबाप लहानपणीच गेले होते. थोरला सुतार होता. धाकटा त्याच्या हाताखाली काम शिकत होता, पण त्याला भारी घाई. आधी करवत चालवायचा, मग माप घ्यायचा. थोरला रागवत नसे. वाया गेलेल्या तुकड्याचं काहीतरी दुसरं करायचा.

त्यांची बहीण उगवतीच्या शेजारगावात दिली होती. तिला लहान मुलगा होता. त्या भाच्यासाठी थोरला एकदा लाकडाचा बैल कोरत होता. शिंग कोरताना धाकट्याचा धक्का लागला आणि शिंग वाकडं झालं. धाकटा म्हणाला, "दादा, टाकून दे. दुसरा कर."

थोरला म्हणाला, "राहू दे. हजार बैलांत आपला ओळखू येईल."

मुलांनो, हा बैल लक्षात ठेवा.

एकदा थोरला चाकं विकायला डोंगर सोडून लांबच्या बाजाराला गेला. परत आला तो अंगात ताप घेऊनच. डोळे लाल, घसा बसलेला.

पारावर बसलेली माणसं हसली. एक जण म्हणाला, "परगावचं पाणी प्यायला असेल, दुसरं काय. आपल्या विहिरीचं पाणी पाज, उद्या उठून रंधा मारेल."

दुसरा म्हणाला, "आपल्या गावाला नाही असलं काही होत. आपल्या हवेत जोर आहे."

मग तेल्याच्या घरी ताप आला. हसणं थांबलं. मग गुरवाच्या घरी आला, तेव्हा माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसायची बंद झाली. कुणी दाराला लिंबाचा पाला बांधला. कुणी मीठ घरात लपवून ठेवलं, जणू ताप मीठ मागायलाच येणार होता. आणि जे काल हसत होते तेच म्हणू लागले, "सुतारानं आणलं हे. कशाला गेला होता बाजाराला?"

थोरल्याला मावळतीच्या झोपडीत नेऊन ठेवलं. तो स्वतःच चालत गेला. धाकटा मागून धावला, तेव्हा त्यानं हात वर करून त्याला लांबच थांबवलं.

"जवळ येऊ नकोस."

"मग मी काय करू?"

"तो दगड दिसतो ना? त्याच्यावर बस. तिथून हाक ऐकू येते. बोलत राहा, म्हणजे झालं."

"काय बोलू?"

"काहीही बोल. एरवी तोंड मिटत नाही तुझं."

धाकटा बसला. बोलू लागला. अर्धवट राहिलेल्या पाळण्याबद्दल बोलला, मांजरीनं दूध सांडलं त्याबद्दल बोलला. झोपडीतून कधी हसू यायचं, कधी खोकला यायचा. पाण्याचं मडकं तो मधल्या वाटेवर ठेवायचा आणि मागे सरायचा. मग थोरला येऊन ते घेऊन जायचा. असे दिवस चालले होते.

इकडे गावात पाटलानं दवंडी पिटवली: गाडा काढायचा. थोरला झोपडीत, तेव्हा गाडा करणार कोण? धाकटाच. पाटील त्याला म्हणाला, "पहिला आजारी तुझ्या घरचा. दोराच्या पुढच्या टोकाला तू राहायचं. तू जितका जोर लावशील, तितका तुझा भाऊ लवकर उठेल."

धाकट्याला एवढंच हवं होतं. काहीतरी करायला मिळणार होतं. नुसतं दगडावर बसणं म्हणजे काही करणं, असं त्याला वाटत नव्हतं.

तो झोपडीपाशी धावत आला. "दादा, गाडा काढायचाय. तुझा एक पंचा टाक बाहेर."

झोपडीतून आधी खोकला आला. मग थोरला म्हणाला, "मी बाजारात बघितलंय रे. जिथं माणसं गर्दी करून जमली, तिथली माणसं पडली. तुम्ही तर सगळे एकाच दोराला हात लावणार, एकमेकांच्या मानेवर श्वास सोडणार. गाडा ओढू नका."

"रीत आहे ती."

"आणि पलीकडे अक्का आहे."

धाकटा चिडला. "म्हणजे तू असाच पडून राहायचं आणि मी बघत बसायचं?"

"बघू नकोस. नुसता बस. तू बोललास की रात्र सरते माझी."

"मी गाडा सोडून लगेच येतो," धाकटा म्हणाला, आणि निघालासुद्धा. वाटेवरच्या झुडपावर वाळत घातलेला पंचा त्यानं ओढून घेतला.

गाडा करायला वेळ लागला. घाईत माप चुकलं, चाकांमधला आस दोनदा कापावा लागला. दगड रिकामा राहिला. पाण्याचं मडकं तो भल्या पहाटे ठेवून पळायचा. बोलायला थांबत नव्हता. त्याच्या डोक्यात एकच होतं. गाडा लवकर झाला, की दादा लवकर उठेल.

मग गाडा निघाला. साऱ्या गावानं दोर धरला. खोकणारेही आले आणि न खोकणारेही आले. सगळे खांद्याला खांदा लावून ओरडत होते. सगळ्यांच्या पुढे धाकटा. त्याच्या तळहाताची सालटी निघाली, पण त्यानं दोर सोडला नाही. उगवतीच्या वेशीवर गाडा पलीकडे ढकलला आणि मागे न बघता सगळे परतले.

धाकटा तसाच धावत गावातून मावळतीला गेला. दगडावर उभा राहून त्यानं हाक मारली.

"दादा, सोडला गाडा. आता बरं वाटेल बघ तुला."

झोपडी गप्प होती.

त्यानं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा मारली. मडकं वाटेवरच होतं, भरलेलं, तसंच.

झोपडीच्या दारात एक टिटवी बसली होती. त्या काळी पक्षी माणसांशी बोलत. ती म्हणाली, "उशीर केलास. काल सांजेलाच गेला तो."

धाकटा दगडावरच खाली बसला.

टिटवी म्हणाली, "तो तुला हाका मारत होता. कुणी ओ देईना, म्हणून मी दिली. मला माणसासारखं बोलता येतं, पण तुझा आवाज काढता येत नाही. तापात त्याला कळलं नाही. आलास का रे, म्हणाला. मी पुन्हा ओ दिली. मग झोपला."

माती द्यायला कुणी आलं नाही. ज्यांनी दोर धरला होता ते घरात जाऊन बसले, आणि त्यांतले निम्मे पुढच्या दोनचार दिवसांत तापानं पडले. धाकट्यानं एकट्यानं खड्डा खणला. त्या दिवशी त्याला कसलीच घाई नव्हती.

गाड्याचं पुढे काय झालं ते ऐका. शेजारगावानं वेशीत गाडा बघितला आणि भांडण सुरू झालं. ही कुणाची पीडा, आम्ही का ओढायची? सारं गाव गाड्याभोवती जमून भांडलं. भांडता भांडता ताप घरांत शिरला. मग त्यांनीही आपल्या आजाऱ्यांच्या वस्तू त्यात टाकल्या आणि गाडा पुढे ओढला. पुढच्या गावानं तेच केलं. त्याच्या पुढच्यानंही तेच. दर गावात गाडा जड होत गेला आणि ओढणारे कमी होत गेले.

आणि एका सकाळी मावळतीच्या वेशीवर, त्या रिकाम्या झोपडीच्या समोर, गाडा येऊन उभा राहिला. ज्या गावानं पहिल्यांदा ढकलला होता, त्याच गावात.

पाटील धापा टाकत आला. चार माणसं मागे होती. पाटलाची बायको तापानं घरात पडली होती आणि तिच्यापाशी कुणी नव्हतं. पाटील म्हणाला, "दोर आणा. पुढे ओढायचा. पहिल्यापेक्षा जोरात ओढायचा."

धाकटा गाड्यावर चढला. वर कपड्यांचा ढीग होता. धोतरं, लुगडी, पाळण्यातली दुपटी. खाली तळाशी, त्याच्या भावाच्या पंच्याला लागून, एक लाकडाचा बैल होता. एक शिंग वाकडं.

त्यानं त्या शिंगावरून बोट फिरवलं. मग खाली उतरला, हातोडा घेतला आणि चाकाची खीळ ठोकून बाहेर काढली. चाक निखळलं आणि गाडा एका अंगावर बसला.

पाटील म्हणाला, "अरे वेड्या, काय केलंस हे? आता पीडा इथंच राहील."

"ती इथंच आहे, पाटील. गेली कुठं होती?"

पाटलानं मागच्या चौघांकडे बघितलं.

धाकटा म्हणाला, "तुम्ही घरी जा. वैनी हाक मारत असतील. आत जाऊ नका, पण हाक ऐकू येईल एवढ्यावर बसा. मी बसलो नाही. तुम्ही बसा."

पाटील उभाच राहिला. मग एकटाच वळला आणि घराकडे चालू लागला. आधी हळू, मग भरभर.

धाकटा गाव ओलांडून उगवतीच्या वेशीवर गेला. वेशीपलीकडे शेजारगावाची मावळतीची झोपडी होती. तिच्या दारात त्याची बहीण बसली होती. त्या गावात सगळ्यांत आधी आजारी पडला होता तो तिचा मुलगा. मुलाला ठेवलं तेव्हा तीही मागे राहिली नव्हती. लांबून ती ओळखू येत नव्हती, इतकी वाळली होती.

तो वेशीवरच थांबला. "अक्का."

तिनं मान वर केली. "कोण? धाकल्या? पुढे येऊ नकोस रे."

"नाही येत. बाळ कसा आहे?"

"डोळे उघडत नाही. कुणी इकडे फिरकत नाही. तुझा आवाज आला, माणसाचा आवाज आला, बरं झालं." मग ती म्हणाली, "दादा कसा आहे?"

असली बातमी माणूस जवळ बसून, हात हातात घेऊन सांगतो. त्याला ती वेशीवरून ओरडून सांगावी लागली. पहिल्यांदा त्याचा आवाज फुटला नाही आणि तिनं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा त्यानं सांगितलं.

ती रडली. तो रडला. मधे एक शेत होतं, ते कुणी ओलांडलं नाही.

पण तो उठून गेला नाही. तिथंच बसला आणि बोलत राहिला. दादानं पाळणा कसा अर्धा ठेवलाय ते सांगितलं, मांजरीनं दूध कसं सांडलं ते सांगितलं. पाणी आणि पेज वाटेवर ठेवायचा, मागे सरायचा आणि पुन्हा बोलायचा. अक्काला झोप लागली तरी बोलायचा. एके दिवशी झोपडीतून बारीक आवाज आला, "मामा, माझा बैल कुठाय?"

त्यानं गाडा फोडला. आजाऱ्यांच्या वस्तू जाळल्या, त्यांत बैलही जाळला. भावाच्या हातचं पुरं झालेलं काही त्याच्यापाशी राहिलं नाही. गाड्याच्या फळ्या त्यानं उकळत्या पाण्यानं धुतल्या, आठवडाभर उन्हात टाकल्या आणि त्यांचे पाट केले. या वेळी त्यानं माप आधी घेतलं. ज्या घरात ताप असेल, त्या घरासमोर हाकेच्या अंतरावर तो एक पाट ठेवायचा. घरातल्या किंवा शेजारच्या कुणीतरी त्यावर बसायचं, पाणी द्यायचं, बोलायचं. दोर धरायला पुन्हा कुणी जमलं नाही. कुणी कुणाच्या वेशीत गेलं नाही. पाटलाची बायको उठली. गुरवाची म्हातारी नाही उठली, पण जाताना तिची नात पाटावर बसून गाणं म्हणत होती. ताप आणखी काही दिवस राहिला. मग त्याला पुढे न्यायला कुणी मिळेना, तेव्हा तो गेला.

ही गोष्ट वेशीवेशीवरून पुढे गेली. गावोगाव गाडे मोडले आणि त्यांचे पाट झाले.

धाकटा पुढे चांगला सुतार झाला. भाच्यासाठी त्यानं नवा बैल कोरला. आता त्याला दोन्ही शिंगं सरळ जमली असती. त्यानं एक वाकडं केलं.

मावळतीच्या वेशीवरच्या त्या दगडावर तो म्हातारपणापर्यंत रोज सांजेला जाऊन बसायचा आणि बोलायचा. टिटवी ओ द्यायची.

तात्पर्य: आपलं दुखणं दुसऱ्याच्या वेशीत ढकलून संपत नाही, ते संपेपर्यंत आपल्या माणसाच्या हाकेला ओ देत बसावं लागतं.