पिराजीसाठी बसवलेली मारामारी

विषय : सिनेमात मार खाण्याचे काम करणारे श्री. भैरू इंगवले यांची, मारामारी बसविणारा मास्तर म्हणून शिफारस होणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची तोंडी विनंती, वस्ताद दौलू नाईक यांचे समक्ष, तालमीमागील दगडी पायऱ्यांवर.

"...पण दर वेळी पिराजीच का?" भैरूने विचारले. "माझ्यात काय कमी हाय, वस्ताद?"

वस्ताद वरच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. उमेदीच्या काळात त्यांनी कितीतरी नायकांच्या वतीने घोड्यावरून उड्या मारल्या होत्या. नायक त्या वेळी सावलीत चहा घेत. पुढे वस्ताद मारामाऱ्या बसवू लागले, आणि भैरू व पिराजी दोघेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. भैरू आधी आला, पिराजी नंतर. पण मास्तर होऊन पुढे गेला तो पिराजी.

"त्याला घोड्यावरनं पडायला कुणी शिकवलं? मी."

"चांगलं शिकवलंस. अजून हातपाय धड हायत त्याचे."

हे कौतुक भैरूला आवडले नाही.

"त्याला हात असलेली खुर्ची मिळते. हिरो त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलतो. आणि मी टेम्पोत, गाद्यांच्या ढिगावर."

"मऊ असतात गाद्या."

"पेपरात फोटो आला त्याचा. बायकोनं कापून ठेवलाय."

"त्याच्या?"

"माझ्या!"

वस्तादांनी एक शेंग त्याच्यापुढे केली. त्याने घेतली नाही.

"उद्या नव्या पिक्चरवाले तुमच्याकडं येणार. तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो मास्तर. एकदा माझं घ्या, वस्ताद. मार खाऊन खाऊन चाळिशी आली. आता न्हाई तर कधीच न्हाई."

वस्तादांनी ती शेंग स्वतःच सोलली.

"एक मारामारी बसवून दाव. हितंच, पायऱ्यांवर. दोघांची."

"दोघं कोण?"

"तू आणि पिराजी."

त्या दिवशी प्रथमच भैरूच्या चेहऱ्यावर तजेला आला. विचार करायला त्याला वेळ लागला नाही. हे प्रकरण त्याच्याकडे बरीच वर्षे विचाराधीन असावे.

समोर पिराजी उभा आहे असे समजून त्याने सुरुवात केली. कॉलर धरून ओढला. थोबाडीत दिली. पोटात गुद्दा, वाकला की गुडघा. मग पिराजी गुडघ्यांवर येतो आणि हात जोडतो.

"हात कशाला जोडतोय?"

"स्टोरीची गरज हाय."

मग त्याला उचलून वरच्या पायरीवर उभा करायचा. जबड्यावर शेवटचा ठोसा. पिराजी उलटा गडगडत तळाच्या फरशीपर्यंत.

"पिराजी एकदाबी मारत न्हाई?"

"त्याला सुचत न्हाई."

भैरूला दम लागला होता. इतका आनंदी दम त्याला पूर्वी कधी लागला नव्हता.

"झकास बसवलीस," वस्ताद म्हणाले.

"मग... नाव घेणार माझं?"

वस्तादांनी धोतरावरची टरफले झटकली आणि ते उठले.

"आपली रीत ठावं हाय न्हवं?"

भैरूला ठाऊक होती. ज्याने मार बसवला, त्याने तो आधी स्वतः खायचा, मार खाणाऱ्याच्या जागी उभे राहून. त्याशिवाय वस्तादांची कोणतीही मारामारी कॅमेऱ्यासमोर गेली नव्हती. आज उत्साहाच्या भरात तेवढे राहून गेले होते.

"मी भैरू," वस्ताद म्हणाले. "तू पिराजी."

म्हाताऱ्याचा हात संथ होता, पण नेमका. सिनेमातला ठोसा लागत नाही. तो जबड्यापासून चार बोटांवरून जातो, आणि मान झटकायची ती खाणाऱ्याने. भैरूने झटकली. पोट धरून वाकला. गुडघ्यांवर आला, आणि तिथेच थांबला.

वस्तादही थांबले.

"हात."

भैरूने हात जोडले.

"जरा मनापासनं. स्टोरीची गरज हाय."

...

मग ते त्याला उचलून वरच्या पायरीवर घेऊन आले. पायऱ्यांकडे पाठ. वस्तादांनी मूठ मागे नेली. ती भैरूच्या जबड्याजवळून गेली आणि हवेत थांबली.

भैरूने मान झटकली. पडला मात्र नाही. त्याने मागे वळून पाहिले. पायऱ्या दगडी होत्या. खालची फरशीही.

"वस्ताद... गादी?"

"तू सांगितली होतीस?"

भैरूने ओठ चाटले.

"पिराजी पडला असता. त्याला येतं."

"आणि तुला?"

...

तालमीत कुणीतरी जोर काढत होते. त्याचे हुंकार ऐकू येत होते. भैरूच्या टाचा पायरीच्या कडेवर होत्या. पुढे यावे तर वस्तादांची मूठ होती.

"वस्ताद, उद्याच्याला माझं नाव घेणार का न्हाई, तेवढं सांगा."

वस्तादांनी मूठ खाली घेतली नाही.

"माझा ठोसा मारून झालाय, पिराजी. तू अजून उभा का?"

अर्ज प्रलंबित आहे.